नववी नजर

टीव्ही बंद होता आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते.

‘रूपवेध’च्या कार्यशाळेत दुपारचे डबे उघडले होते, मटकीच्या उसळीचा वास सुटला होता, पण जेवायचं कुणाला सुचत नव्हतं. समोरच्या भिंतीवरचा सात फुटी पडदा तांब्याचा झाला होता. तांब्याचं चित्र उमटलं होतं असं नव्हे. खिडकीतलं ऊन सरकलं की त्यावरची झळाळी सरकत होती. भांडार सांभाळणारे गोखलेकाका जवळ जाऊन हात फिरवून आले आणि म्हणाले, “अहो, हाताला ठोके लागतात!”

श्रीमंतांच्या टीव्हीची गंमत अशी, की तो दिवसातून तासभर चालू असतो आणि उरलेले तेवीस तास बंद. चालू असताना सगळ्यांचे टीव्ही सारखेच. त्याच बातम्या, तीच मॅच. मोठेपणा मिरवायचा तर तो बंद टीव्हीतच मिरवावा लागतो. पूर्वी बंद टीव्ही म्हणजे दिवाणखान्यात उभी केलेली काळी फरशी असे. रूपवेधनं त्या फरशीचं सोनं केलं. त्यांच्या उठावपडद्यावर खसखशीहून बारीक असे लाखो कण होते. प्रत्येक कण रंग बदले, शिवाय केसभर वर उचलला जाई किंवा आत दबे. त्यामुळे बंद पडदा शिसवी होऊ शके, दगडी होऊ शके, पैठणीचा पदरही होऊ शके. टीव्हीच्या या झोपलेल्या रूपाला तिथे निजरूप म्हणत.

निजरूप कुणी हातानं काढत नसे. पडद्याच्या चौकटीत नजरवेधी बसवलेले असत, म्हणजे समोरच्या माणसाचे डोळे नेमके कुठे टेकले हे टिपणारे बारीक कॅमेरे. सुरुवातीला पडद्याला एखादं बीज द्यायचं, लाकडाचं किंवा धातूचं. मग पडदा दर थोड्या वेळानं इथेतिथे किंचित बदले. ज्या बदलावर नजर रेंगाळली तो राही, बाकीचे पुसले जात. असं महिनोन्महिने चाललं की बघणाऱ्याच्या मनातलं काहीतरी त्या पृष्ठभागावर येई. रूपकाराचं काम फक्त बघण्याचं, आणि ते कुणालाही येतं असं मात्र नव्हतं.

हे तांबं निहिरा गुप्ते या एकोणतीस वर्षांच्या मुलीचं होतं. घोळक्याच्या मधोमध उभी राहून ती लाजत होती. घोळक्याच्या कडेला, पोळीचा तुकडा हातात तसाच धरून, हेमांगी वडके उभी होती.

हेमांगीला इथे सोळा वर्षं झाली होती. रूपवेधमध्ये एक रीत होती. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसं पसंत पडलेल्या नव्या रूपाच्या पहिल्या नगावर, चौकटीच्या खालच्या पट्टीत, रूपकाराचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घालत. पुढच्या प्रत्येक नगावर मग तेच नाव जाई. सोळा वर्षांत हेमांगीनं अकरा रूपं घडवली होती आणि अकराही वेळा रूपवेधचे प्रमुख केळुसकर सरांनी मान एका बाजूला कलती करून “छान आहे, पण...” असं म्हटलं होतं. त्या ‘पण’च्या पुढचं वाक्य तिला आजतागायत ऐकायला मिळालेलं नव्हतं.

आणि ही कालची पोर! हेमांगीनंच तिला हाताला धरून शिकवलं होतं. केलेल्या कामाकडे पाठ करून बसावं, हे हेमांगीचंच शिक्षण. तिचे वडील तांबट आळीतले कारागीर. तयार झालेलं भांडं ते फळीवर पालथं घालून ठेवत आणि दुसऱ्या दिवशीच सरळ करून बघत. सारखं बघत राहिलं की नजर शिळी होते, असं ते म्हणत. निहिरानं ते इतकं मनावर घेतलं, की आपला नग तिनं स्वतःच्या पाठीमागच्या भिंतीवर लावला. तिचं तोंड खिडकीकडे. सकाळी आल्यावर एकदा आणि संध्याकाळी जाताना एकदा वळून बघायची, तेवढंच. तो नग यायचा बरोबर हेमांगीच्या टेबलासमोर.

तर, उगाच आडपडदा कशाला, हेमांगीचा जळफळाट होत होता. तिला निहिराच्या हसण्याचा हेवा वाटे, सहाच्या ठोक्याला पिशवी उचलून निघून जाण्याचा वाटे, चुका करूनही तिला झोप लागते याचाही वाटे. हा नग समोर लागल्यापासून आठ महिने हे सगळं ती पोटात दाबून बसली होती. आत्ता ‘छान’च्या पुढे केळुसकर सरांच्या तोंडून ‘पण’ आलाच नाही, तेव्हा तिनं हातातला पोळीचा तुकडा डब्यात परत टाकला.

“ताई, तुम्ही जवळून बघा ना,” निहिरा म्हणाली. “सगळ्यांनी बघितलं, तुम्हीच राहिलात.”

हेमांगी पुढे गेली. तिनं पडद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. ठोके डावीकडे कललेले होते. प्रत्येक ओळ सरळ जाऊन शेवटी करंजीच्या मुरडीसारखी दुमडत होती.

तिचे वडील डावखुरे होते. अख्ख्या आळीत असे ठोके फक्त त्यांचे. त्यांनी घडवलेलं घंगाळ हेमांगीच्या घरी बाल्कनीत होतं, आणि गेल्या दिवाळीत निहिरा फराळाला आली होती तेव्हा त्याच घंगाळाशेजारी बसून तिनं चार चकल्या खाल्ल्या होत्या.

हेमांगीला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्या आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. आठ महिने नुसतं जळत होती, आता तिला कारण मिळालं होतं. त्याच दुपारी तिनं लेखी तक्रार दिली: निहिरा गुप्ते हिनं माझ्या वडिलांच्या घंगाळाचा फोटो बीज म्हणून वापरला. हे रूप चोरीचं आहे. पहिल्या नगावर तिचं नाव घालू नये.

संध्याकाळी कोथरूडच्या घरी तिनं मोबाइलवरचा फोटो वडिलांपुढे धरला. अनंत वडके अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. हात थरथरायचे, त्यामुळे हातोडी सुटून बारा वर्षं झाली होती, पण डोळे शाबूत होते.

“तुमचंच काम आहे की नाही, अण्णा? सांगा.”

“ठोका माझाच आहे,” अण्णा म्हणाले. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. “पण हे घंगाळ नव्हे.”

“असं कसं? घंगाळच आहे.”

“अगं, घंगाळाला मुरड नाही. बाल्कनीत जाऊन बघ जा. मोठ्या भांड्याला मुरड घातली तर पत्रा फाटतो. ही मुरड मी एकदाच घातली, लोटीवर. छोटी लोटी होती बघ. ती मोडीत जाऊन तीस वर्षं झाली असतील. ही तुझी मैत्रीण तेव्हा जन्मलीही नसेल.”

“मैत्रीण नाही ती माझी.”

“नसू दे. पण जे भांडं जगात नाही ते ती चोरणार कुठून?”

हेमांगीला ती लोटी लख्ख आठवली. ती सातवीत होती. दुकानाच्या पायरीवर बसून तिनं त्या लोटीवरचा एकेक ठोका पडताना पाहिला होता. आयुष्यात काही सुंदर पाहिलं असेल तर ते तेवढंच. माझी लोटी, असं तिच्या मनात आलं.

“पण हेमे, ती लोटी तर...” अण्णा काही सांगणार होते. हेमांगी तोवर उठून बाल्कनीत गेली होती. घंगाळाला मुरड नव्हती. तिनं ते दोनदा बघितलं आणि आत येऊन ताटं घेतली. चौकशी उद्या सकाळी होती. तक्रार मागे घ्यायला रात्रभराचा वेळ होता, एक फोन पुरला असता. तिनं तो केला नाही. मत्सर एकदा दारातून आत आला की चपला काढून ठेवतो, लवकर निघत नाही.

चौकशीला चौघंच होते. केळुसकर सर, निहिरा, हेमांगी आणि नजरवेधी ज्यांनी बनवले त्या डॉ. रुबीना मणेर. मणेरबाई कमी बोलत. त्यांच्यासमोर एक छोटा पडदा होता आणि त्यावर त्या नगाची नजरवही होती. कुणी पाहिलं, किती वेळ, कुठे आणि कशा नजरेनं, ही सगळी नोंद या वहीत आपोआप होई. रूप पुरतं ठरेपर्यंत ती उघडायची नाही असा नियम होता, नाहीतर रूपकार स्वतःचीच नोंद वाचून बिचकतो.

“निहिरा, बीज काय दिलंस?” केळुसकर सरांनी विचारलं.

“तांबं. नुसता कोरा पत्रा, सर. दुसरं काही नाही.”

“हेमांगी, तुमचं स्वतःचं या नगाशी काही काम होतं?”

“काडीचंही नाही,” हेमांगी म्हणाली. “आठ महिन्यांत मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.”

डॉ. मणेर खोकल्या. मग त्यांनी छोटा पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला.

“बीज कोरा पत्राच आहे,” त्या म्हणाल्या. “फोटो वगैरे काही नाही. आता नजर. या नगाकडे एकूण जेवढं पाहिलं गेलं, त्यातले शंभरातले चार भाग निहिराचे.”

“चारच?” निहिरा दचकली. “पण मी रोज दोनदा बघायचे.”

“दोनदाच बघायचीस. शिपाई, पाहुणे, आम्ही सगळे मिळून तेरा भाग. आणि त्र्याऐंशी भाग,” मणेरबाईंनी चष्मा सारखा केला, “हेमांगीताईंचे.”



“तो समोरच होता माझ्या,” हेमांगी म्हणाली. “समोर भिंत असली तरी माणूस बघतोच की.”

“भिंतीकडे असं बघत नाही.” डॉ. मणेरांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्या फक्त समजावून सांगत होत्या. “आम्ही नजरेचे आठ प्रकार बसवलेत. नवखी नजर, शोधणारी, कंटाळलेली वगैरे. ही त्यातली एकही नाही. ही येते, झटकन बाजूला होते आणि चार सेकंदांत परत येते. भुवया जवळ येतात, बाहुल्या मोठ्या होतात. हिच्याएवढी चिवट नजर मी पाहिलेली नाही. कौतुकाची नजर दहा मिनिटांत दमते. ही आठ महिने दमली नाही. पडद्यानं दिवसभर जे जे बदल करून बघितले, त्यातला कुठला ठेवायचा आणि कुठला टाकायचा, हे या नजरेनं ठरवलं. तुमच्या वडिलांचा ठोका त्यात कसा आला ते मला सांगता येणार नाही. पडद्याला तो ठाऊक नव्हता. तुमच्या डोळ्यांना होता. वहीत आम्ही हिला नववी नजर म्हणतो. नाव अजून दिलेलं नाही.”

हेमांगीचे कान तापले. तिला वाटलं, भर रस्त्यात आपलं मन कुणीतरी पिशवीसारखं पालथं केलंय आणि आतलं सगळं घरंगळतंय.

“जळणं म्हणतात त्याला, डॉक्टर,” ती म्हणाली.

निहिरा तिच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. “मला वाटायचं तुम्ही माझ्या कामाकडे बघतच नाही. रोज संध्याकाळी जाताना मी तुमच्या टेबलापाशी मुद्दाम रेंगाळायचे, ताई. म्हटलं, एकदा तरी म्हणतील, बरं जमतंय. आठ महिने तुम्ही त्याच्याकडे बघत होतात आणि मला एक शब्द बोलला नाहीत.”

हेमांगीनं नजर छोट्या पडद्याकडे वळवली.

केळुसकर सरांपाशी एक नियम होता. निम्म्याहून जास्त नजर ज्याची, रूप त्याचं. हा नियम त्यांनीच केला होता, तेव्हा असं काही घडेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे हेमांगीची तक्रार खोटी ठरली होती आणि रूप तिचं ठरलं होतं. अट एकच. रूपकारानं नजरवहीवर सही करायची आणि ती वही दाखल्यासारखी प्रत्येक नगाबरोबर गिऱ्हाइकाला द्यायची. नाव हवं असेल तर आपण काय नजरेनं बघत होतो हे जगाला वाचू द्यायचं. नको असेल तर नगावर कुणाचंच नाव जाणार नव्हतं.

निहिराचंही नाव घाला, असं हेमांगीच्या ओठांवर आलं होतं. एखाद्या भल्या बाईनं तेच म्हटलं असतं. पण सोळा वर्षं थांबलेली ती बाई होती, आणि लाजेपेक्षा ते थांबणं मोठं ठरलं. तिनं पेन घेतलं. नवव्या नजरेपुढची जागा कोरी होती. तिथे तिनं स्वतःच्या हातानं ‘मत्सर’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

केळुसकर सरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“अहो, पण हे तर फारच उत्तम झालं,” ते म्हणाले. “लोक एवढा महागाचा टीव्ही घेतात ते कशासाठी? पाहुण्यांनी याच नजरेनं बघावं म्हणून. मणेरबाई, घरी लावल्यावरही पडदा या नवव्या नजरेकडूनच शिकत राहील, असं करता येईल?”

“करता येईल,” डॉ. मणेर म्हणाल्या. त्या खूश दिसत नव्हत्या.

तीन महिन्यांनी पहिल्या नगाच्या मालकीणबाईंचा फोन आला. बाणेरच्या जयमाला निंबाळकर. टीव्ही बिघडलाय, आणि तो घडवणाऱ्या बाईंनीच येऊन बघावा असा त्यांचा आग्रह होता. हेमांगी गेली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दिवाणखान्यात सात-आठ बायका कॉफी पीत बसल्या होत्या आणि भिंतीवर तांबं नुसतं पेटलं होतं. हेमांगीनं ते इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं. खालच्या पट्टीत ठिपक्यांनी तिचं नाव होतं. एक बाई वाकून ते वाचत होती आणि मैत्रिणीला हळूच म्हणत होती, “आमच्याकडे लावायला भिंत कुठली एवढी? पण असतंच एकेकाचं नशीब.” तिचं वाक्य संपायच्या आत तिच्या समोरचे ठोके आणखी लखलखले.

“बिघडलाय कुठे?” हेमांगीनं विचारलं.

“थांबा जरा,” निंबाळकरबाई म्हणाल्या.

बायका गेल्या. दार लागलं. दोघी सोफ्यावर बसून राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तांबं विझत गेलं. ठोके सपाट झाले, रंग उतरला. पाच मिनिटांत भिंतीवर मळकट पत्रा उरला.

“आम्ही दोघं असलो की हा असाच असतो,” निंबाळकरबाई म्हणाल्या. “आमच्यासाठी तो काही करतच नाही. ह्यांनी तर परवा उशी मारली त्याला. मग मी काय करते, रोज कुणाला ना कुणाला बोलावते. आधी मैत्रिणी झाल्या, मग ह्यांच्या ऑफिसातले झाले, काल तर शेजारच्या सोसायटीतल्या बायका बोलावल्या, मला त्यांची नावंही ठाऊक नाहीत. कुणी जळायला आलं नाही की घर अगदी भकास वाटतं हो. हे दुरुस्त होईल ना?”

हेमांगीनं पट्टीवरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. बघते, कळवते, असं काहीतरी पुटपुटून ती बाहेर पडली.

घरी आल्यावर तिनं अण्णांना सगळं सांगितलं. चौकशीचं, नवव्या नजरेचं, सहीचं, निंबाळकरांकडच्या पत्र्याचं. तीन महिने तिनं यातलं काही सांगितलेलं नव्हतं. अण्णा शेंगा सोलत ऐकत होते.

“फोटो बघितला तेव्हाच वाटलं होतं मला,” ते म्हणाले. “ठोके माझ्यासारखे आहेत, पण खोल आहेत. एवढा खोल ठोका मी कधी मारला नाही. पत्र्यावर राग काढत नाहीत.”

“माझी लोटी एवढी कशी काय लक्षात राहिली असेल माझ्या, अण्णा?”

अण्णांनी शेंग खाली ठेवली. “तुझी कुठली? तेच सांगत होतो त्या दिवशी, तर तू उठून गेलीस. ती तुझ्या वर्गातल्या करड्यांच्या शमाची लोटी. तिच्या वडिलांनी करून मागितली होती, तिचा पहिला नंबर आला म्हणून. तू पायरीवर बसून अशी बघत होतीस तिच्याकडे, की मला हात चालवताना धाक वाटत होता. दोन दिवस जेवली नव्हतीस नीट.”

हेमांगीला पायरी आठवली, ऊन आठवलं, हातोडीचा आवाज आठवला. शमा आठवली नाही. मग आठवली. लाल रिबिनी आणि पुढे केलेले दोन हात.

“तुझ्यासाठी मी नंतर दुसरी केली,” अण्णा म्हणाले. “तिच्यापेक्षा चांगली. आठ दिवस लावले. तू ‘ठेवा तिथे’ म्हणालीस, आणि ती राहिली तिथेच.”

“कशी होती ती?”

“तू सांग. तुझीच होती.”

हेमांगीनं डोळे मिटले. शमाच्या लोटीचा एकेक ठोका तिला दिसत होता. तिच्या स्वतःच्या लोटीची एक रेघ डोळ्यांपुढे येईना.

ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली. जुन्या पितळी समया, फुटका पाट, गणपतीचं मखर, आणि त्यामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काळं. खाली आणून तिनं ते चिंच आणि मीठ लावून घासलं. बोटं आंबली तेव्हा तांबं दिसायला लागलं. ठोके उथळ होते, गोल, घाई नसलेले. गळ्याभोवती तांदळाच्या दाण्यांएवढी एक ओळ होती. आणि पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: चि. हेमांगी.

सोळा वर्षं ती एका पट्टीवर नाव यावं म्हणून झुरली होती. हे नाव तीस वर्षांपूर्वीच घालून ठेवलेलं होतं. ती ओट्याशी उभी राहून रडली. अण्णा शेंगा सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लोटी कार्यशाळेत नेली. आधी ती निहिराच्या टेबलापाशी गेली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “तू चोरी केली नाहीस हे मला चौकशीच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. तरी मी गप्प बसले.”

निहिरानं लगेच काही माफ केलं नाही. ती बराच वेळ लोटीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “नवा नग लावायचा का?”

तिनं खुर्ची खिडकीकडून फिरवली आणि पडद्याकडे तोंड करून बसली. हेमांगी तिच्या शेजारी बसली, लोटी मांडीवर घेऊन. बीज तेच दिलं, कोरा पत्रा. डॉ. मणेरांनी निंबाळकरबाईंची गोष्ट ऐकली होती; त्यांनी नियम मोडून पहिल्याच दिवशी नजरवही उघडी ठेवली.

दोघी बघत राहिल्या. एक दिवस गेला, आठवडा गेला, महिना गेला. पडदा आपला इथेतिथे किंचित हलायचा आणि पुन्हा सपाट व्हायचा. केळुसकर सर येताजाता मान कलती करत.

एका सकाळी हेमांगीला वाटलं, वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उचललं गेलंय. निहिरालाही ते दिसलं. दाणा क्षणभर राहिला आणि मावळला.

“वहीत काय आलं, डॉक्टर?” हेमांगीनं न वळता विचारलं.

“तुमच्या दोघींची नजर आहे,” डॉ. मणेर म्हणाल्या. “आठांत बसत नाही. नववी नाही. यंत्राला ती ओळखता येत नाहीये.”

जळून पाहिलेलं आठ महिन्यांत उमटलं होतं. मायेनं पाहिलेलं उमटायला किती दिवस लागतात, आणि तोवर माणसानं थांबायचं कुणाच्या भरवशावर? हेमांगीनं लोटीवरच्या नावावर अंगठा ठेवला आणि पुन्हा पडद्याकडे बघायला सुरुवात केली.